सत्ती-दुर्रीवर वाढवलेला डाव

ही गोष्ट मी अजून बायकोलाही सांगितलेली नाही, कारण सांगायची लाज वाटते.

मोबाईलवर व्हिडिओ बघून मी पोकर शिकलो आणि दर रविवारी सांगलीहून आष्ट्याला जाऊन आबांना आणि अक्काला शिकवू लागलो. आबा म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले; अक्का माझी थोरली बहीण, त्यांच्याजवळच राहते. आई गेल्यापासून ते कुणात बसत नव्हते. दुपारी जेवणानंतर पत्त्यांना मात्र बसू लागले. पैसे लावायचे नाहीत अशी त्यांची सक्त ताकीद, म्हणून आम्ही भुईमुगाच्या शेंगा लावायचो. अक्का आपल्या निम्म्या शेंगा खेळता खेळताच खाऊन टाकायची.

प्रत्येकाला दोन पानं मिळतात, पण ती बघायच्या आधीच दोघांना पाळीपाळीनं ठरलेल्या शेंगा मध्ये टाकाव्या लागतात. त्याला ब्लाइंड म्हणतात; एकाचा छोटा, दुसऱ्याचा त्याच्या दुप्पट, म्हणजे मोठा. मोठा ब्लाइंड ज्याचा, तो शेवटी बोलतो. बाकीच्यांनी नुसती बरोबरी केली असेल तर त्यानं तिथंच दणकून वाढवावं, सगळ्यांच्या सामाईक वापराची मधली पानं उघडायच्या आत समोरचे पळतात, असं व्हिडिओतल्या माझ्या गुरूचं म्हणणं. मला ते इतकं पटलं की मी स्वतःची पानंही धड बघेनासा झालो.

त्या रविवारी मोठा ब्लाइंड माझा होता. अक्कानं बरोबरी केली, आबांनीही केली. माझ्याकडं सत्ती आणि दुर्री, म्हणजे या खेळातली सगळ्यात भिकार पानं. मी दोन मुठी शेंगा पुढं सारल्या. अक्कानं पानं टाकली. आबांनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि त्यांनीही टाकली.

तिथं गप्प बसलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण शहाणपणा मिरवायची खाज वाईट. मी माझी पानं उलटून दाखवली आणि हसलो. अक्कानं आबांची उलटली. राजांची जोडी होती, जिच्यावर फक्त एक्क्यांची जोडी. असली पानं टाकलीत कशाला, असं मी आबांनाच विचारलं.

"तू एवढं लावलंस म्हटल्यावर तुज्याकडं एक्के असणार," ते म्हणाले. "तुजं काय तपासून बगायचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी चूक कबूल करायची सोडून, हा खोटेपणा नसतो, डावपेच असतो, हे मी एका फौजीला समजावत बसलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

दोनेक महिन्यांनी त्यांच्या छातीत दुखू लागलं. सांगलीला तपासण्या केल्या आणि रिपोर्ट घेऊन मी आष्ट्याला गेलो. काळजीचं काही नव्हतं, खरंच नव्हतं. तसं मी आबांना सांगितलं. मी बोट ठेवीन तिथं डोळे झाकून सही करणारा हा माणूस. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यांनी अक्काला हाक मारली आणि कागद तिच्या हातात दिला.

"तू वाच," ते म्हणाले. "ह्यो खरं सांगतोय का, बग जरा."