सरकारमान्य टिचकी

सरकारमान्य काचवाला म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं खाकी कपड्यातला, खिशाला पेन अडकवलेला साहेब आला असेल. पुसून टाका त्याला. आमचा काचवाला लुंगीवर यायचा आणि तोंडात पान धरून बोलायचा.

खिडकीची काच बदलायला आमच्या आप्पांना मान्यता असलेलाच माणूस हवा होता. "तुला मान्यता कुणाची?" त्यांनी विचारलं.

"मामलेदार कचेरीच्या काचा मीच बसवल्या. सायबानं काय काढून टाकल्या न्हाईत. म्हंजे सरकारनं मानलं की!"

आप्पांना लगेच पटलं.

काच बसवून झाली की तो नखानं टिचकी मारायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "बोलती हाय." आमच्या काचेलाही त्यानं तशी टिचकी मारली आणि वाकून हत्यारं गोळा करायला लागला. काच चिकटवायची लांबी अजून ओलीच होती.

"टिकेल ना रे?" आप्पांनी विचारलं.

दाराआडून मी त्याच्याच पानभरल्या आवाजात म्हणालो, "मारा की बुक्की, सरकारमान्य हाय!"

आप्पांनी मारली. काच अंगणात.

"मी तोंडच उघडलं न्हाई!" तो ओरडला. बुक्की स्वतःची असल्यामुळं आप्पा अंगणातले तुकडे वेचायला लागले. मग त्यानं मला दाराआडून ओढलं, कपाळावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, "बोलतंय लई. आत काय न्हाय!"