तवंग कोणाचा

समजा, तुम्ही जहाजाच्या डेकवर उभे आहात. खाली अडीच किलोमीटर पाणी. तारदोराला लटकलेला लोखंडी पाइप तासाभराने वर येतो, पोटात समुद्रतळाचा चिखल घेऊन. तो उघडल्याबरोबर वाकून वास घ्यायचा. सडक्या अंड्याचा आला तर वेगळी गोष्ट, रॉकेलसारखा आला तर तळाखाली तेल असण्याची शक्यता. अडचण एवढीच, की जहाजाचं इंजिनही पाठीमागे डिझेल जाळत असतं. मग नाकात शिरला तो वास चिखलाचा, की जहाजाचा?

रिठद गावची वैभवी हे काम करते. दौलतराव आणि गोजराबाईंची धाकटी. वाशिमला बी.एस्सी. झाली आणि सर्वेक्षणाच्या जहाजावर प्रयोगशाळेत लागली. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो मुलाखतीला गेली तेव्हा. गोजराबाईंना मात्र एक कोडं सुटत नसे.

"एवढ्या खोल तेल नेऊन ओतलं कोणं वं?" त्या फोनवर विचारत.

"कोणी नाही ओतत, माय. जमिनीतच असते. भेगेतून झिरपते, थेंब थेंब वर येते अन् पाण्यावर तवंग धरते."

"म्हणजे वायाच जाते की!"

"वाया नाही जात. तेल खाणारे जंतू असतात तिथं."

"बाप्पा! सारं तेल खाऊन टाकतात, मंग फोडणी कायची देतात?"

पौषात दौलतरावांनी विहिरीचा फोटो पाठवला. ही विहीर त्यांची आणि शेजारच्या ग्यानबाची सामाईक. काठावर ग्यानबाचं डिझेल इंजिन. फोटोत पायऱ्यांजवळच्या पाण्यावर सप्तरंगी तवंग पसरलेला. वैभवी त्या दिवशी सकाळपासून समुद्रावरचे तसलेच तवंग न्याहाळत होती. तिने डेकवरूनच लिहिलं, ‘तेलच आहे, बाबा.’ आणि पुढचा पाइप उघडायला गेली.

सुटीवर घरी आली तेव्हा काठावर इंजिन नव्हतं. ते ग्यानबाच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ताडपत्रीखाली पडलं होतं, आणि त्याचा हरभरा ऐन घाटे भरताना पाण्यावाचून पिवळा पडत चालला होता.

"तुह्या बाबानं पानठेल्यावर चार लोकाईसमोर सांगतलं," गोजराबाई म्हणाल्या. "माह्या पोरीनं दर्यातून ओळखलं, ग्यानबाच्या इंजिनानं पाणी नासवलं म्हणे. ग्यानबानं त्याच दिवशी इंजिन उचललं. आपल्या पाळीचं पाणी घ्यालेही येत नाही आता."

वैभवी वडिलांना घेऊन विहिरीवर गेली, पायऱ्या उतरली. इंजिन हलून बरेच दिवस झाले होते, तरी तवंग ताजाच. तिने एक तुराटी, तुरीची वाळकी काडी, घेतली आणि तवंगावर रेघ ओढली. तवंग तडकला. पापडाचे व्हावेत तसे त्याचे कोनाकोनांचे तुकडे झाले आणि तसेच वेगवेगळे तरंगत राहिले. ती वाट पाहत बसली. तेल असतं तर रेघ मिटवून पुन्हा एक झालं असतं.

"बाबा, हे तेल नाही."

"अवं, तूच तं सांगतलं होतं!"

"फोटो पाहून सांगतलं. काडी घालून पाहाले पाह्यजे होती. खडकातलं लोखंड खाणारे जंतू असतात, त्याईची साय आहे ही. पिकाले काही होत नाही हिनं."

"लोकाईसमोर बोललो मी त्याले," दौलतराव म्हणाले.

"चाला. मी बोलते काकासंग."

ग्यानबा धुऱ्यावरच होता. "या मॅडम! आज माह्या वावराचा वास घ्याले आल्या काय?"

"काका, माही चूक झाली. ते तेल नव्हतं."

ग्यानबाने तिच्याकडे पाहिलंच नाही. "दौलत, इतके वर्षं एका विहिरीचं पाणी पेलो आपण. दर्यातल्या पोरीले इचारलं, अन् धुऱ्यावरच्या मले काहून नाही इचारलं?"

दौलतरावांनी ताडपत्री बाजूला केली आणि इंजिनाची एक बाजू धरली. "धर."

"आता धर म्हणून राह्यला!" ग्यानबा पुटपुटला. पण त्याने दुसरी बाजू धरली.

इंजिन काठावर बसलं, धडधडलं, हरभऱ्याच्या दांडाला पाणी लागलं. ग्यानबाने कपाळ पुसलं. "मंग दर्यातही असंच करता काय तुमी? तवंग दिसला की जहाजवाल्यावर आळ?"

"कधी कधी. खरंच जहाजाचं असते बरेचदा. कधी समुद्राचं सोताचं असते."

"अन् दोन्ही एकाच जागी आलं तं?"

वैभवी सांगू लागली, की प्रत्येक तेलाची आपली खूण असते, नमुना तपासला की ती सापडते. सांगता सांगता थांबली. तिचं जहाज जिथे काम करतं, तिथे खालून तेल झिरपतं आणि वरून मालवाहू जहाजांची वाटही जाते. उन्हाने, लाटांनी, जंतूंनी खाल्लेल्या तवंगात त्या खुणा पुसट होतात.

तेवढ्यात इंजिनाच्या नळीतून डिझेलचा एक थेंब निसटला आणि विहिरीत पडला. तिघांनीही वाकून पाहिलं. थेंब रंग उधळत सायीच्या तुकड्यांकडे सरकू लागला. काडी घालून हे दोन वेगळे करता येतील. पण दोन्ही तेलंच असली, दोन्हींच्या खुणा पुसल्या गेल्या असल्या, तर समुद्राचं किती आणि आपलं किती, हे सांगायचं कसं?