सीताराममामाची किडनी

सीताराममामाचा आवाज काढणं सोपं आहे. आधी खाकरायचं, मग डावा हात बरगडीखाली धरायचा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबायचं आणि म्हणायचं, "रगातगट जुळत न्हाई हो. न्हाईतर ह्या हातानं काडून दिली असती." तिकोणा पेठेतलं कुठलंही पोर हे करून दाखवतं, पण सगळ्यांचा हात चुकतो. पोरं हात किडनीवर धरतात. मामा धरतो पोटावर, कारण त्याला पोट तेवढं ठाऊक आहे.

मामा चोपन्न वर्षांचा. पवना धरणाच्या काठावर श्रीपतीचे तंबू आहेत, तिथं पुण्या-मुंबईहून राहायला येणाऱ्यांसाठी तो चुलीवरचं मटण करतो. रस्सा तळहातावर घेऊन चाटायचा, डोळे मिटायचे, आणखी चिमूटभर मीठ टाकायचं, परत चाटायचं. पातेलं उतरेपर्यंत मामाचं अर्धं जेवण झालेलं असतं. मग शेकोटीजवळ पाहुण्यांना बहिणीची गोष्ट. एकदा एक पोरगी हुंदके देऊन रडली आणि त्याला रिअल हीरो म्हणाली. मामाला अर्थ कळला नाही, पण पुढचे पंधरा दिवस तो तसाच चालत होता.

गोष्टीतली बहीण म्हणजे रेणुकामावशी. वय सेहेचाळीस. दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा नवरा पण गेला, म्हणजे चाकणला गेला आणि परत आला नाही. तेव्हापासून ती मामाच्या मागच्या खोलीत राहते. आठवड्यातून तीनदा तळेगावला जाऊन चार चार तास डायलिसिसच्या मशीनला लागते. दिवसभराचं पाणी अर्ध्या लिटरच्या बाटलीत. तिला जगात एकच गोष्ट हवी आहे: तांब्याभर पाणी, एका दमात, कुणी मोजत नसताना. डाव्या हाताची मशीनची सुई लावायची शीर बंद पडली, आता उजव्या हातावर चाललंय. तीही गेली की मानेत नळी, आणि त्यापुढचं तिथं कुणी बोलत नाही. आईबाप गेलेले, पोरबाळ नाही, सरकारी यादीत नंबर लावलाय तो हलत नाही. रक्ताचं माणूस म्हणजे मामा एकटा.

यंदाच्या चौदा एप्रिलला विहारासमोर माइक होता, म्हणजे मामा माइकवर होता. बाबासाहेबांवर दोन वाक्यं झाली आणि गाडी रक्तगटावर आली. हात पोटावर गेला, आवाज फाटला, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तेवढ्यात रेणुकामावशी उठून पुढं आली आणि तिनं माइक हातात घेतला. मशीनवर पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलातून नवीन डॉक्टरीण येतात, अपूर्वा मॅडम, त्यांनी काय सांगितलं ते तिनं सगळ्यांना सांगितलं. आता गट जुळायलाच पाहिजे असं राहिलेलं नाही. रक्तातलं जे परक्या किडनीशी भांडतं ते आधी औषधानं गप्प करतात, उरलेलं मशीनमधून गाळून काढतात, मग ऑपरेशन. पुण्यात कितीतरी झाली म्हणे.

"दादा," ती माइकमध्येच म्हणाली, "मंगळवारी जायाचंय."

टाळ्या पडल्या. मामानं गिळलेला आवंढा स्पीकरमधून पार धरणापर्यंत ऐकू गेला.

तपासण्यांच्या आदल्या दिवशी मामानं कामशेतला अर्धा किलो जिलेबी एकट्यानं खाल्ली. रजनीमामीला वाटलं, बिचारा घाबरलाय. साखर वाढली की सुटलो, एवढा साधा मामाचा हिशेब होता. पुण्याच्या त्या हॉस्पिटलात अपूर्वा मॅडमनी कागद पाहून त्यांच्या त्या मऊ, चष्मा पुसत बोलायच्या आवाजात सांगितलं की ही तीन महिन्यांची सरासरी असते मामा, काल काय खाल्लं ते तिला कळत नाही. बीपीसाठी मामा चार मजले जिना पळत चढला, तर त्यांनी चोवीस तास दंडाला यंत्र बांधून घरी पाठवलं. पुढच्या खेपेला स्कॅन झालं. दोन्ही किडन्या विशीतल्या पोराला लाजवतील अशा निघाल्या. मामानं हे असं ऐकलं की जणू जन्मठेप सुनावली.

शेवटी मॅडमनी दोघी बायकांना बाहेर बसवलं, मामाला एकट्याला आत घेतलं आणि दार लावलं. दहा मिनिटांनी मामा बाहेर आला तो चार किलोनं हलका. मागून मॅडम आल्या, फाइलकडे बघत म्हणाल्या, "वैद्यकीय कारणास्तव यांची किडनी घेता येणार नाही." रजनीमामी सुटल्यासारखी रडली.

रेणुकामावशीला हे वाक्य पाठ होतं. तळेगावला शेजारच्या खाटेवरच्या कोंडाजीच्या पोराबद्दल हेच सांगितलं होतं. येसूबाईच्या नवऱ्याबद्दल हेच. एका शब्दाचाही फरक नाही, आणि रोगाचं नाव कधीच नाही. तिथल्या सिस्टरनं तिला कधीच उलगडून सांगितलं होतं: देणाऱ्याला एकट्याला विचारतात, मनापासून द्यायची आहे का? जो नाही म्हणतो त्याला डॉक्टर घरच्यांसमोर उघडं पाडत नाहीत. तपासणीवर ढकलतात. नियम चांगला आहे, नाहीतर लोक एकमेकांना ओढत टेबलावर नेतील.

परतताना कामशेतहून जीपमध्ये बसल्यावर तिनं अगदी काळजीनं विचारलं, "दादा, म्हंजी तुजी बी किडनी खराब?"

मामाला काहीही म्हणता आलं असतं. पण जीप भरलेली, सगळी पेठेतलीच माणसं, आणि सगळी त्याच्याकडे बघत होती.

"व्हय गं," तो म्हणाला. "बारीक खराबी हाय म्हनली."

बस्स, मामाचं आयुष्य तिथं संपलं.

दिवेलागणीपर्यंत अख्ख्या पेठेला कळलं की सीतारामची पण गेली. रेणुकामावशीनं मामीला बसवून नीट समजावलं: आतापासून जपलं तर वाचंल, माजं कुणी जपलं न्हाई. दुसऱ्या दिवसापासून दोन ताटं एकाच पातेल्यातून निघू लागली. बिनमिठाचा दुधी. दोनदा उकळून पाणी फेकलेले बटाटे. टोमॅटो नाही, लोणचं नाही, मटणाचं नाव नाही. मावशीनं स्वतः तळेगावहून त्याच्यासाठी अर्ध्या लिटरची बाटली आणली, तिच्या बाटलीच्या रंगाची. श्रीपतीनं पळी काढून घेतली. म्हणाला, मामा तुमी नुसतं सांगा, चाखायला दुसरा ठेवतो. आता मामा मटणाच्या वाफेत उभा राहून नाकानं मीठ ओळखतो. शेकोटीजवळची गोष्ट बंद. एका पाहुण्यानं विचारलं तर श्रीपतीनंच सांगून टाकलं की बहिणीसारखीच ह्यांची पण गेली, आणि पाहुण्यानं हातातला रश्शाचा वाडगा जरा लांब सरकवला. एकदा तंबूमागं तळहातावरचं मीठ चाटताना मामा सापडला, तेव्हा मामी चारचौघांत रडली, मरायचंय का म्हणून.

सहा महिन्यांत मामाची पँट दोरीनं बांधायची वेळ आली. त्याचा आवाज काढायचा तर आता ओठ कोरडे ठेवावे लागतात. मावशीच्या उजव्या हाताची शीर दोरखंडासारखी फुगली आहे. त्या हाताचे किती महिने उरले ते तिला विचारायचं नसतं.

परवा मामा फोन घेऊन जेवायला आला, किती दिवसांनी हसत. अमेरिकेत माणसाला डुकराची किडनी बसवल्याची बातमी होती. त्यानं फोन मावशीपुढं धरला.

"बग रेणुका, आता डुकराची बी बसवत्यात. मानसाची गरजच ऱ्हानार न्हाई."

तिनं बातमी शेवटपर्यंत पाहिली.

"बरं हाय, दादा," ती म्हणाली. "डुकराला दार लावून एकट्याला ईचारत न्हाईत."

मामाचा हसरा चेहरा तसाच राहिला, त्यातलं हसू तेवढं गेलं. त्यानं मामीकडे पाहिलं. ती भाकरी थापत होती, तिच्या कानावर काही गेलंच नव्हतं. मग त्यानं फोन उपडा ठेवला आणि दुधीचा घास घेतला. मावशीनं त्याची बाटली उचलून उजेडात धरली, पाणी कुठवर आहे ते बघितलं आणि परत त्याच्या ताटाशी ठेवली.