सायमनने नाकारलेली न्याहारी

दोह्याच्या विमानतळावर उतरले तेव्हा गुडघे इतके आखडले होते की लेक न्यायला आली याचा आनंदही नीट झाला नाही. बाहेर पडताच मे महिन्याची हवा अंगावर आली. अल अझीझियातल्या तिच्या फ्लॅटपर्यंत भिंती, घरं, आकाशसुद्धा वाळूच्याच रंगाचं दिसत होतं.

पहिले चार दिवस मी जवळजवळ झोपूनच काढले. लेक-जावई सकाळीच वेस्ट बे भागातल्या ऑफिसला जात. नात शाळेतून आली की मी मराठीत विचारायचे आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. थोड्याच वेळात आम्ही दोघी दमायचो.

पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे सायमन भेटले. वसईचे, पन्नाशीचे, एका टॉवरच्या कँटीनमध्ये मुख्य आचारी; बायको फिलोमिना हॉस्पिटलात कामाला. मी नाशिकला शाळेत शिकवायचे हे कळल्यावर ते मला 'बाई' म्हणू लागले. एकदा करक (दुधात खूप उकळलेला दाट चहा) पिताना म्हणाले, "हितं येण्याआधी मी अफगाणिस्तानात होतो. अमेरिकन फौजेच्या तळावर, स्वयंपाकाला."

शनिवारी दुपारी ते वर आले. "बाई, जरा खाली येऊन बसाल? फिलोमिनाची हॉस्पिटलात ड्यूटी आहे. एकट्याला जमणार नाही मला."

खाली डेव्ह नावाचा एक अमेरिकन बसला होता, एक पाय ताठ ठेवून. पूर्वी सैनिक होता; आता इथल्या कंपन्यांमध्ये आग विझवायचं प्रशिक्षण देतो. सायमनच्या कँटीनमध्ये बोलता बोलता दोघांना कळलं होतं की ते एकाच तळावर होते. डेव्हच्या छोट्याशा गावातून सहाजण लढाईवर गेले. पाच परतले. सहावा टायलर, तेवीस वर्षांचा. तो एका सकाळी गस्तीवर गेला आणि रस्त्यातल्या स्फोटात संपला.

परतलेल्यांपैकी चौघं गावातच राहतात आणि दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये एकत्र बसतात. टायलरची आईही येते. डेव्हने तिला सायमनबद्दल सांगितलं, तेव्हा तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: त्या सकाळी तो काय खाऊन गेला? आज व्हिडिओ कॉलवर ती ते विचारणार होती.

सायमन मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "बाई, तो खाऊन गेलाच नाही. दहा मिनिटं उशिरा आला. म्हणाला, फक्त दोन अंडी दे. सुपरवायझर ओरडेल म्हणून मी म्हटलं, वेळ संपली. तो हसला नि गेला. आता आईला काय सांगू? ऑम्लेट खाल्लं म्हणून सांगतो. तिला बरं वाटेल."

तीस वर्षं मी वर्गात 'खरं बोला' म्हणून शिकवलं होतं. पण 'तसंच सांगा' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात फोन वाजला.

आमच्याकडे चार वाजले होते, त्यांच्याकडे सकाळचे आठ. लांब टेबल, कागदी कप आणि टोप्या घातलेले चार पुरुष. वयाने चाळिशीच्या आतबाहेर, पण बसले होते दवाखान्यात नंबर लावून बसावं तसे. मध्ये हिरव्या स्वेटरमधली एक म्हातारी. तिने सरळ प्रश्न विचारला.

सायमननी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग इंग्रजी शब्द शोधत म्हणाले, "मॅडम, त्याने काहीच खाल्लं नाही. तो उशिरा आला. मी त्याला परत पाठवलं."

डेव्हने मान वर केली. हे त्यालाही माहीत नव्हतं.

"किती उशिरा?" म्हातारीने विचारलं.

"दहा मिनिटं."

तिने तोंडावर हात ठेवला. रडत होती, पण खांदे हसल्यासारखे हलत होते. "शाळेची बसही तो अशीच चुकवायचा," ती म्हणाली. "सगळे मला सांगतात, तो शूर होता. उशिरा आला होता हे कुणीच सांगितलं नव्हतं." मग थांबून, "चिडला का तो?"

"नाही मॅडम. हसून गेला."

तिने स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. मग म्हणाली, "तुमच्यावर रागवावं की नाही, ते मला आत्ता कळत नाहीये. पुढच्या शनिवारी बोलाल?"

"इन्शाल्ला," सायमन इथल्या सवयीने म्हणाले. कॉल बंद झाल्यावर त्यांनी स्वच्छ कप पुन्हा विसळले. डेव्ह त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, मग लंगडत निघून गेला.

मी निघेपर्यंत दोन शनिवार गेले. दोन्ही वेळा कॉल आला. "माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत," विमानतळावर सोडताना सायमन म्हणाले. "मीही विचारलं नाही. तो आणखी काय काय बोलायचा ते विचारतात. आठवेल तेवढं सांगतो."

नाशिकला परतल्यावर लोक विचारतात, कतारमध्ये काय पाहिलं? मी समुद्र सांगते, उंच इमारती सांगते. पण त्या दुपारी फोन आणखी एखाद्या मिनिटाने वाजला असता, तर मी सायमनना खोटं बोलायला सांगितलं असतं; आणि आपला मुलगा हसून गेला, हे त्या बाईला कधीच कळलं नसतं.