सिलिन आडनावाची औषधं

साखर कारखाने बंद व्हायला लागले की आमच्या रुग्णालयातल्या बायकांच्या वॉर्डात गर्दी वाढते. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या गावाकडे परततात आणि तिकडे उसाच्या फडात अंगावर काढलेली दुखणी घेऊन बायका येतात. मी तिथं स्टाफ नर्स आहे. घाटनांदूरची. नोकरीला तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि आपल्याला काम येतं, असं मला अगदी खात्रीनं वाटत होतं.

ती बाई आली ती जावेच्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर उड्या मारत. धर्मापुरीकडची, चाळिशी ओलांडलेली. तोडलेल्या उसाचं धारदार खोड टाचेत घुसलं होतं. वर हळद दाबून तिनं आठ दिवस तसाच ऊस तोडला होता. आता पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत लाल, गरम आणि इतका सुजलेला की पैंजण कापून काढावं लागलं. अंगात ताप फणफणत होता.

डॉक्टरांनी तपासलं, जखम साफ केली आणि शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक लिहून दिलं. पेनिसिलिनच्या गटातलं, आमच्याकडे रोज वापरलं जाणारं. मी केसपेपर भरायला घेतला.

"मावशी, कशाची अ‍ॅलर्जी आहे का?"

"न्हाई बाई. आता कुठली?" ती म्हणाली.

मी लिहिलं, 'नाही'. दिवसातून पंधरा-वीस वेळा मी हा प्रश्न विचारायची आणि पंधरा-वीस वेळा हेच लिहायची. उत्तर ऐकायच्या आधीच पेन त्या रकान्यावर टेकलेलं असायचं.

मग बाटलीतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी घालून मी औषध विरघळवलं. पूर्ण डोस द्यायच्या आधी थोडंसं औषध कातडीखाली टोचून बघायची आमच्याकडे पद्धत आहे. ती बारीक सुई घेऊन मी तिच्या खाटेशी गेले. तिनं हात पुढं केला, पण नजर सुईवरून हलवली नाही.

"एवढी बारकी सुई कावून?"

"आधी थोडंसं टोचून बघायचं. तुम्हाला हे औषध चालतं का ते कळतं."

"आन् न्हाई चाललं तर?"

खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. अजून चार खाटा राहिल्या होत्या. तरी सांगितलं, "एखाद्याच्या अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, ओठ सुजतात, दम लागतो."

ती जावेकडं बघून म्हणाली, "अगं, मला आलत्या न्हाई का तसल्या?"

जाऊ म्हणाली, "आलत्या की. तोंड असं झालं होतं बाई, डोळे दिसत न्हवते. श्वास घेता येईना. मुकादमाच्या गाडीवर घालून नेलं."

मी सुई ट्रेमध्ये ठेवली.

मागच्या हंगामात फडावर तिची दाढ सुजली होती. जवळच्या दुकानातून कुणीतरी गोळ्या आणून दिल्या. दुसरी गोळी घेतली आणि थोड्याच वेळात हे सगळं झालं. तिकडच्या दवाखान्यात दोन सुया दिल्यावर ती सावरली होती.

"मग मघाशी मी अ‍ॅलर्जी विचारली तेव्हा का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला असावा.

ती गोंधळली. "तुमी एनर्जी इचारली ना? अंगात ताकद हाय का म्हून. मी म्हनलं, न्हाई. आठ दिस झाले, जेवन जाईना."

जाऊ तोंडाला पदर लावून हसली. मला मात्र हसू येईना. हातात ट्रे घेऊन मी तशीच उभी राहिले आणि आठ वर्षांत लिहिलेले सगळे 'नाही' डोळ्यांसमोरून जाऊ लागले.

"आन् ती गोळी व्हती. ही तर सुई हाय," ती पुढं म्हणाली. तिच्या दृष्टीनं दोन्हींचा काही संबंधच नव्हता. आणि का असावा? तसं तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

"कोणती गोळी होती, आठवतं?"

तिनं उशाची पिशवी ओढली. आधारकार्डाच्या प्लास्टिकमध्ये घडी करून ठेवलेला गोळ्यांच्या पाकिटाचा एक तुकडा काढला. "पुन्ना कुनी दिली तर वळखू यावी म्हून ठिवली." दुकानदारानं मोजक्याच गोळ्या कात्रीनं कापून दिल्या होत्या. नाव अर्धंच उरलेलं. मी तो तुकडा खिडकीशी नेला आणि उजेडात तिरका करून बघितला. चंदेरी कागदावर इंग्रजीतली शेवटची अक्षरं तेवढी स्पष्ट होती: सिलिन. त्याआधीचं एक अक्षर अर्धं कापलेलं. कुठलं का असेना, मला एवढं पुरेसं होतं.

मी ओपीडीत जाऊन डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तुकडा बघितला, तिला पुन्हा सगळं विचारलं, नाडी मोजतात तसे तिचं मनगट धरून शांतपणे ऐकत राहिले. मग ती गोळी आणि ही सुई एकाच गटातली आहे असं तिला सांगून आधीचं औषध खोडलं आणि केसपेपरवर सगळ्यात वर लाल पेनानं 'पेनिसिलिन चालत नाही' असं लिहिलं. क्लिंडामायसिन नावाचं दुसरं औषध दिलं. मला म्हणाले, "टेस्ट डोससुद्धा द्यायचा नाही आता. एकदा असं होऊन गेलेल्या माणसाला तेवढंही पुरतं." मी विरघळवलेलं औषध टाकून दिलं आणि कागदावरचं माझं 'नाही' खोडलं. खोडताना त्याखाली सही करावी लागते. ती केली.

नवं औषध सलाइनच्या बाटलीत मिसळून हळूहळू सोडायचं होतं. ती गळणाऱ्या थेंबांकडे एकटक बघत होती.

"हे कोन्या घरचं?"

"म्हणजे?"

"ते पहिलं त्या गोळीच्या घरचं व्हतं म्हनता. मंग हे कोन्या घरचं?"

मला गंमत वाटली. नर्सिंगच्या कॉलेजात औषधांचे गट मी घोकून पाठ केले होते, पण घर म्हणून कधी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "याचं घर निराळं आहे. ज्याच्या नावाच्या शेवटी सिलिन येतं ती सगळी एका घरची."

"म्हंजे आडनाव एक."

"हो. आणि त्यांची भावकी पण आहे. नावाच्या सुरुवातीला 'सेफ' असतं त्यांच्या. ती सगळ्यांना त्रास देत नाहीत, पण तुम्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत."

"भावकीचं तसंच असतं," जाऊ म्हणाली. "कवा चालंल, कवा न्हाई, सांगता येत न्हाई."

"आन् हे इतकं हळू कावून सोडायचं?" बाईचा पुढचा प्रश्न तयारच होता.

मी म्हटलं, "हळू सोडायचं असतं." हे काही उत्तर नव्हतं, हे तिलाही कळलं आणि मलाही. "उद्या सांगते," मी म्हणाले.

घरी जाऊन मी ट्रंकेतलं औषधशास्त्राचं पुस्तक काढलं. परीक्षेनंतर पहिल्यांदा मी ते उघडत होते, आणि या वेळी परीक्षा नव्हती. हे औषध शिरेत घाईनं ढकललं तर रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो. दुसरं एक औषध भरभर सोडलं तर तोंड आणि मान लालभडक होते, आणि लोकांना वाटतं अ‍ॅलर्जीच आहे. खरं तर दोष बऱ्याचदा वेगाचा असतो. एक औषध कानांना आणि मूत्रपिंडांना जपून द्यावं लागतं. एक दुधासोबत घेतलं तर पोटात नीट मुरतच नाही. पेनिसिलिन जंतूची भिंत नीट बांधू देत नाही. आपल्या पेशींना तसली भिंतच नसते, म्हणून ते जंतूला मारतं आणि आपल्याला सोडतं. हे सगळं मी कधीतरी लिहून गुण मिळवले होते. आता वाचताना मात्र पुढं काय, पुढं काय, असं होत होतं. स्वयंपाक राहिला. नवऱ्यानं खिचडी टाकली.

दुसऱ्या दिवशी मी तिला रक्तदाबाचं सांगितलं. तिनं मान हलवली आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला. पाच दिवस हेच चाललं. औषधानं पोट बिघडू शकतं, पातळ जुलाब लागले तर लाजू नका, लगेच सांगा, असं मी म्हणाले, तर ती रोज मी दिसताच सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात "आज बी न्हाई!" असं सांगायची.

चौथ्या दिवशी सूज उतरली. घरी जायच्या दिवशी मी गोळ्या हातात दिल्या आणि सगळ्या संपवा, पेलाभर पाण्याबरोबर घ्या, म्हणून सांगितलं.

"बरं वाटलं तरी?"

"तरी. जंतू अर्धेच मेले तर उरलेले पुन्हा उठतात."

तिनं जावेकडं बघितलं. मग जाऊच म्हणाली, "आमी तर उरलेल्या गोळ्या ठिवतो बाई. टोळीत कुनाला ताप आला की देतो. हिच्या त्या दाढंच्या गोळ्यांतल्या दोन मीच घेतल्या व्हत्या."

"कशासाठी?"

"कंबर दुखत व्हती."

मी डोक्याला हात लावला. पण रागावले नाही. दोघींना खाटेवर बसवलं आणि एकीचं औषध दुसरीला का चालत नाही, कंबरदुखीला जंतूंचं औषध का लागत नाही, हे सांगितलं. जाऊ लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हे आदी कुनी सांगितलंच न्हाई."

निघताना बाईनं डाव्या हाताची बाही वर केली. दंडावर हिरवं गोंदण होतं, तुळशीचं. "हितं खाली गोंदून घेऊ का, सिलिन नको म्हून? कागद हरवतो. हात कुठं जातोय?"

मला कल्पना एकदम आवडली. मी डॉक्टरांना सांगितलं, तर ते विचारात पडले. म्हणाले, "घाई नको. ही अ‍ॅलर्जी काही जणांची बऱ्याच वर्षांनी जातेही. मोठ्या रुग्णालयात तपासून बघता येतं. तोवर मात्र चालत नाही असंच धरायचं." त्यांनी तिला तशी चिठ्ठी लिहून दिली. मी जाड कागदावर मोठ्या मराठी अक्षरात लिहिलं: 'मला पेनिसिलिन चालत नाही. घेतल्यावर अंगावर गांधी आल्या, तोंड सुजलं, दम लागला.' ते तिनं दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून आणि पाठ केलं.

"पन ते जातं कुठं?" जाता जाता तिनं विचारलं. "अंगातून जातं म्हंजे अंग इसरतं का?"

डॉक्टर हसले. "तसंच काहीसं म्हणा."

दिवाळीच्या आधी सिरसाळ्याच्या बाजारात ती भेटली. पाय बरा होता. पुन्हा तोडीला निघायची तयारी चालली होती, खुरपी-कोयते घ्यायला आली होती. मी विचारलं, मोठ्या रुग्णालयात जाऊन आलात का? नाही म्हणाली. पेरणी, मग पोरीचं बाळंतपण, राहूनच गेलं. "पन बाई, मला झोपताना बी तेच येतं डोक्यात. गेलं आसंल का अजून हाय?"

"मलाही माहीत नाही," मी म्हणाले. "परत आलात की आपण दोघी जाऊ."

आता वॉर्डात मी अ‍ॅलर्जी हा शब्द उच्चारत नाही. खाटेवर टेकते आणि विचारते: कुठली गोळी, कुठली सुई घेतल्यावर कधी अंगावर गांधी आल्या का? तोंड सुजलं का? दम लागला का? वेळ जास्त जातो. माणसं आधी नाही म्हणतात. मग थोडं थांबतात, छताकडं बघतात, आणि एखादी म्हणते, "एकदा झालतं बाई, पन लई वर्षं झाली." मी पेन खाली ठेवते आणि म्हणते, सांगा.