घशातल्या दोन गाठी

नॉर्वेतल्या त्या खोऱ्यात एल्ब्योर्गला सगळे 'मुंडकेवाली' म्हणत. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर बाईने हा नवाच उद्योग आरंभला होता. शिकारी मूस हरणांची मुंडकी तिच्या पडवीत आणून टाकत आणि ती मेंदूच्या बुडाचा तुकडा नि घशातल्या दोन गाठी काढून प्रायॉन या मेंदू पोखरणाऱ्या रोगाच्या तपासणीला पाठवी. कामात ती इतकी काटेकोर, की भलेभले शिकारी तिला टरकून असत.

त्या वर्षी स्टाइनारने मोठ्या रुबाबात एका म्हाताऱ्या मादीचं मुंडकं आणलं. पण कापलं होतं जबड्याला लागून. गाठी नरड्यासकट डोंगरावरच राहिल्या होत्या.

"मेंदू आहे ना? मग झालं की," तो म्हणाला. घरी बायको गरम वॉफल भाजत होती, त्याला परतायची घाई होती.

"रोग आहे का, ते मेंदू सांगेल. कुठला आहे, ते गाठी सांगतील. ऊठ."

दोन तासांची चढण. स्टाइनार वाटभर कुरकुरला, तिने या कानाने ऐकलं नि त्या कानाने सोडून दिलं. डोमकावळ्यांच्या आधी पोचले, हे नशीब; गाठी शाबूत सापडल्या.

आठवड्याने निरोप आला की मेंदूत रोग आहे. सगळ्यांचंच धाबं दणाणलं, पण खरा हादरला तो निल्स-आंता. उत्तरेकडच्या, रेनडिअर पाळणाऱ्या सामी जमातीतला हा माणूस; त्याची रेनडिअर त्याच डोंगरावर चरत. एकापासून दुसऱ्याला लागणारा रोग असला तर तो गाठींतही उतरतो, आणि मग तिथे चरणारा रेनडिअरचा अख्खा कळप मारावा लागतो. म्हातारपणी आपोआप होणारा रोग मेंदूपुरताच राहतो. गाठींची तपासणी अजून व्हायची होती.

निल्स-आंता रोज तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसे आणि सामी रीतीप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे टाकून पिई. एल्ब्योर्गही मनातून पार घाबरली होती. आपण भलतंच काही कापून पाठवलं असेल तर?

अखेर फोन आला. गाठी स्वच्छ होत्या, आणि दातांवरून मादी चांगली पंधरा वर्षांची निघाली.

"म्हातारपण होतं रे नुसतं," ती म्हणाली आणि त्याच्या कपात कॉफी ओतायला लागली. निल्स-आंता डोळे पुसत हसत सुटला. गाठी आपणच हुडकल्या, असं स्टाइनारने संध्याकाळपर्यंत गावभर केलं. तिने करू दिलं.

सामी माणसाला जनावरं किती, असं कुणी विचारत नाही. बँकेत पैसे किती, असं विचारण्यासारखंच ते; फार वाईट दिसतं. तीस वर्षांच्या शेजारात तिनेही कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी निघताना निल्स-आंता दारात थांबला.

"आठशे बारा," तो म्हणाला. "सगळी आहेत."