अकराच्या सभेला आत्याची हरकत

माझी आत्या आमच्या घरातच छोटं दुकान मांडून कपडे दुरुस्त करते. पँटची चेन बदलणं, बाह्या आखूड करणं, उसवलेलं शिवून देणं. दहावीनंतर तिचं शिक्षण सुटलं ते सुटलंच. त्यामुळे त्रेपन्नाव्या वर्षी तिने विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गात नाव घातलं, तेव्हा बाबांना ती चेष्टाच वाटली.

वर्ग सहा आठवड्यांचा, विषय राजकारण आणि नागरिकांचा सहभाग, वयाची अट नाही. दुरुस्तीला आलेल्या एका कोटाच्या खिशात आत्याला त्याचं पत्रक सापडलं. कोट तो वर्ग घेणाऱ्या प्राध्यापिकाबाईंचा होता. परत देताना तिने विचारलं, "हे आमच्यासारख्यांना चालतं का हो?"

"तुमच्यासारख्यांसाठीच आहे," बाई म्हणाल्या.

"ताई, निवडणुकीला उभी राहतेस की काय?" बाबांनी विचारलं.

"आधी वर्गात बसून तर बघते!"

बसणं सोपं नव्हतं. भोवती सगळी विशीतली मुलं, संगणकावर धडाधड टिपणं काढणारी. आत्याचं एक वाक्य लिहून होईतो बाई तीन वाक्यं पुढे. चौथ्या दिवशी घरी येऊन तिने वही टेबलावर टाकली. "उद्यापासून जात नाही. सगळं डोक्यावरून जातंय."

आईने कागद घेतला, मोठ्या अक्षरात 'दुपारी शिलाई बंद, वर्ग चालू आहे' असं लिहिलं आणि दारावर डकवला. "आता घरी बसलात तर गिऱ्हाइकं मला खोटी म्हणतील, ताई."

आत्या वर्गाला गेली.

तिसऱ्या आठवड्यात जोडीजोडीने वॉर्डाच्या खुल्या सभेला जायचं होतं. आत्याच्या जोडीला वकिलीला शिकणारी एक चुणचुणीत मुलगी होती. सभा मंगळवारी सकाळी अकराला. नागरिक आले चार, त्यातले एक आजोबा निव्वळ पंख्याखाली बसायला. मुलीने अहवालात लिहिलं, 'लोकांमध्ये आस्था नाही.'

"खोड ते," आत्या म्हणाली. "सकाळी अकराला आस्था कामावर असते गं बाळा."

मुलगी हसली, पण तिने ते खोडलं. मग दोघींनी सभेची नियमावली मिळवली. आत्याने ओळीखाली बोट फिरवत ती दोनदा वाचली. त्यात लिहिलं होतं, 'नागरिकांच्या सोयीची वेळ'. झालं! दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारू लागली, सभा कधी ठेवली तर याल? मापाच्या वहीत मापाशेजारी उत्तर. दोनशे बारा जणांपैकी बहुतेकांनी शनिवारी संध्याकाळी पाच सांगितलं.

वॉर्ड कार्यालयातल्या कारकुनाने मान हलवली. "बाई, अकराचीच पद्धत आहे."

"कुठल्या कलमात?"

त्याने पानं उलटली, पुन्हा उलटली, आणि शेवटी म्हणाला, "अर्ज द्या."

वर्ग संपला. शेवटच्या दिवशी आत्याने आपला अहवाल वाचला आणि मुलांनी बाकं वाजवली. अर्जाचं उत्तर मात्र दोन महिन्यांनी आलं. तीन महिने शनिवारी सभा, प्रायोगिक तत्त्वावर.

पहिल्या शनिवारी साठेक माणसं आली. खुर्च्या पुरेनात. सगळे एकदम बोलत होते. रस्त्यावरच्या दिव्यांवरून एक बस ड्रायव्हर आणि एक शिक्षिका अर्धा तास भांडले. ज्यांनी सभा घडवली त्या आत्याबाई मागच्या रांगेत गप्प बसून होत्या.

बाहेर पडताना मुलगी वैतागली होती. "काकू, एकसुद्धा गोष्ट ठरली नाही!"

"भांडायला तरी आली ना सगळी? घरी भांडत होती ती इथे भांडली. चांगलंच आहे की."

दुसऱ्या सभेनंतर दिवे लागले. तीन महिन्यांनी शनिवार कायम झाला. हल्ली बाबाही न चुकता जातात. दर वेळी उठून बोलतात, आणि भाषण फार लांबलं की आत्या मागून त्यांचा शर्ट ओढते.